काशाचं ताट की पितळेचं?

रुखवतात मांडायला म्हणून धातूचं ताट घ्यायला गेलात, की दुकानदार दोन पिवळी ताटं समोर ठेवतो. एक पितळेचं, एक काशाचं. काशाचा भाव ऐकला की बहुतेकांचा हात आपोआप पितळेकडे जातो.

दोन्हींत मोठा वाटा तांब्याचाच. त्यात जस्त मिसळलं की पितळ, कथील मिसळलं की कासं. मूर्तीच्या ओतकामात कथील साधारण 10 टक्के असतं, ताट-वाटीच्या काशात मात्र 22 टक्क्यांच्या आसपास. कथील तांब्याहून कितीतरी महाग आणि जस्त स्वस्त, भावातला फरक तिथून सुरू होतो.

गंमत या कथलाचीच आहे. पितळेच्या पातेल्यात आमटी करायची तर कल्हई हवी. कल्हईवाला भांडं लाल तापवतो, चिमूटभर नवसागर टाकतो, कापसाच्या बोळ्याने वितळलेलं कथील आतून फिरवतो आणि धूर विरेपर्यंत पातेलं चांदीसारखं होतं. जे कथील पितळेला वरून चोपडावं लागतं, ते काशाच्या अंगातच असतं. म्हणून काशाच्या ताटात कल्हईशिवाय जेवायची रीत आहे. तरी ताक, लोणचं, चिंचेचं सार त्यात ठेवून द्यायचं नाही. जेवण झालं की लगेच धुवायचं आणि कोरडं पुसायचं, नाहीतर डाग पडतात.

कासं कडक, पण ठिसूळ. हे मी पैसे मोजून शिकलो. ‘अस्सल कासं’ म्हणून आणलेलं ताट ओट्यावरून पडलं आणि त्याला चांगला पोचा आला. सासूबाई ताट उचलून म्हणाल्या, “हे पितळ आहे हो. कासं असतं तर तडकलं असतं.” तेव्हापासून घेताना ताट तीन बोटांवर तोलून टिचकी मारतो. कासं लांबवर घुमत राहतं, पितळ लवकर गप्प होतं. टाळ आणि देवळातल्या घंटा काशाच्याच घराण्यातल्या. 1739 च्या वसई मोहिमेनंतर मराठ्यांनी पोर्तुगीजांच्या घंटा आणून आपल्या देवळांत टांगल्या, त्या आजही वाजतात.

तेव्हा शिजवायला पितळच घ्या, पण कल्हई करणारा तुमच्या भागात येतो का, ते आधी विचारा. काशाचं भांडं चुलीवर चढवू नका. जेवायला मात्र कासं. सहा जणांचा संच घेऊ नका, कपाटातच राहतो. एक ताट पुरे. घरात लहान मुलं ताटं आपटत असतील तर तेही सध्या नको.

वाटी मात्र घ्याच, तळपायाला तूप चोळायला. चोळल्यावर जे काळं निघतं त्याला ‘अंगातली उष्णता’ म्हणतात. ती वाटीची झीज आहे. झोप मात्र छान लागते.