घरी बदललेली क्रँक पुली: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत

आधी निकाल सांगतो. पुली बदलल्यावर टकटक गेली, बेल्ट सरळ चालतोय, पण आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) गाडी थरथरायची ती तशीच थरथरत राहिली. ती करामत इंजिन माउंटिंगची, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांची, निघाली.

क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टच्या, टोकावरची ही डॅम्पर पुली, म्हणजे हार्मोनिक बॅलन्सर, बदलली की गाडी मऊ होते असं बरेच जण समजतात. तिचं काम वेगळं. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकला दर अर्ध्या फेऱ्याला एक धक्का बसतो. २००० आरपीएमला मिनिटाला ४०००. प्रत्येक धक्क्याला शाफ्ट किंचित पिळला जातो आणि उलगडतो. मधलं हब आणि बाहेरचं जड कडं यांच्यामधलं रबर हा पीळ जिरवतं. सीटवर बसून यातलं काहीच कळत नाही.

आमच्या जुन्या डिझेल हॅचबॅकचं हे रबर तडकून बाहेर डोकावत होतं. इंजिन चालू असताना लांबून पाहिलं तरी कडं डुलताना दिसायचं. बेल्टची एक कड झिजली होती, आजूबाजूला काळी भुकटी.

बॅटरीची निगेटिव्ह सोडायची, गाडी स्टँडवर घ्यायची, उजवं पुढचं चाक, आतलं प्लॅस्टिक, बेल्ट काढायचा. इथवर कोणीही करेल. खरी झटापट मधल्या बोल्टशी. क्रँक फिरू नये म्हणून पाचवा गिअर, ब्रेकवर भाच्याचा पाय, गोटी पान्याला लांब पाइप, तेव्हा तो हलला. स्टार्टर मारून बोल्ट सैल करायची युक्ती सांगणारे भेटतात. त्यांनी ती स्वतःच्या गाडीवर करावी.

पुलरवर, म्हणजे पुली ओढून काढायच्या हत्यारावर, पैसे घाला. नख्यांचा पुलर बाहेरच्या कड्याला लावला की ओढ रबरावर येते. बऱ्याच पुल्यांच्या हबला आटे पाडलेली भोकं असतात, त्यांत बोल्ट घालून ओढणारा पुलर घ्या. बसवतानाही हातोडा नको, मार क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो. पुढचं ऑइल सील हाताशी आलेलंच असतं, तेही बदललं. गळक्या ऑइलने नवं रबरही फुगतं. मॅन्युअलमध्ये ठरलेल्या टॉर्कला (पिळायच्या जोराला) आवळल्यानंतर बोल्ट आणखी काही अंश फिरवायला सांगितलं होतं. असा बोल्ट ताणून बसतो, म्हणून तो नवाच घेतला.

सगळ्यात उपयोगी पडला तो व्हाइटनर. हब, रबर आणि कडं यांवरून एक सरळ रेघ ओढून ठेवली. कडं हबवर घसरलं तर रेघ तुटेल. घाट झाले, एसी लावून ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास झाले. परवा पाहिली तर रेघ एकसंध आहे. स्वस्तातली डुप्लिकेट पुली लावायचा मोह झाला होता, पण तिच्या रबराचा भरवसा कोण देणार?

एक मात्र आधी बघा. काही इंजिनांत पुलीच्या मागच्या टायमिंग गिअरला चावी (गिअर शाफ्टवर फिरू न देणारा लोखंडी तुकडा) नसते, हाच बोल्ट त्याला दाबून धरतो. तो सैल केला की टायमिंग, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ, सरकू शकतं. तुमचं इंजिन तसलं असेल आणि टायमिंग लॉक करायची हत्यारं नसतील, तर सरळ गॅरेजला द्या.