जनरेटर की सोलर? सत्तावीस दिवसांच्या अंधारानंतरचं माझं मत

मे महिना लागला की ओळखीतल्या दोघा-तिघांचा फोन ठरलेला. महिनाभर लाइट गेली तर काय घेऊन ठेवावं, जनरेटर की सोलर? मी दोन्ही वापरलंय, दोन्हीवर पैसे घातलेत. मी वायरमन नाही, तेव्हा माझं मत तेवढ्यापुरतंच धरा.

आमची वाडी बाणकोट खाडीच्या दक्षिणेला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या अंगाने आत शिरलं तेव्हा माड-पोफळी आडव्या झाल्या, त्यांनी तारा ओढल्या आणि तारांनी खांब. आमच्याकडे लाइट आली ती सत्ताविसाव्या दिवशी. पलीकडच्या वाडीत त्याहून उशिरा.

हे मुद्दाम सांगतो, कारण ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, कोसळणं म्हटलं की लोकांना ३० आणि ३१ जुलै २०१२ आठवतं. उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड झोपलं, साठ कोटींवर लोक अंधारात गेले. पण ते दिवसाभरात सावरलं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई बंद पडली तीही काही तासच. तेवढ्यासाठी घरातला साधा इन्व्हर्टर पुरतो. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मान टाकतो, आणि खरा प्रश्न तिथून पुढचा. प्वेर्तो रिकोत सप्टेंबर २०१७ च्या मारिया वादळानंतर शेवटच्या घरांत वीज यायला जवळपास अकरा महिने गेले. आपले सत्तावीस दिवस म्हणजे त्यापुढे काहीच नाही.

एक गैरसमज आधी काढून टाकतो. अनुदान घेऊन छपरावर जे सोलर बसतं, नेट मीटरवालं, म्हणजे उरलेली वीज लाइनीत परत सोडणारं, ते लाइट गेली की बंद पडतं. बिघाड म्हणून नाही, तशीच रचना असते. तुमच्या पॅनेलची वीज मेलेल्या लाइनीत गेली तर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. माझ्या मेहुण्याच्या छपरावर तीन किलोवॉटची पॅनेल आहेत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर ती रखरखीत उन्हात नुसती चकाकत होती आणि तो खाली मेणबत्ती शोधत होता. म्हणजे सोलर घ्यायचं तर बॅटरीवालं, नाहीतर बिलापुरतं. जनरेटरलाही हाच नियम लागू: चेंजओव्हर स्विच, म्हणजे बाहेरची लाइन तोडून मगच जनरेटर जोडणारा स्विच, नसेल तर तो घराच्या वायरिंगला जोडू नका. आणि दार लावून पडवीत तर कधीच चालवू नका, धुराने माणसं झोपेतच जातात.

आता जनरेटर. आमचा आला सहाव्या दिवशी. चुलतभाऊ लॉकडाऊनचा ई-पास काढून मुंबईहून टेम्पोत ताडपत्री, मेणबत्त्या आणि हा दोन केव्हीएचा पेट्रोलवाला घेऊन उतरला. पहिल्या संध्याकाळी दोरी ओढली, टाकी भरली, सगळ्या वाडीचे मोबाइल चार्जिंगला लागले. त्या तासाची बरोबरी कुठलंही पॅनेल करणार नाही. विहिरीची एक एचपीची मोटर त्याने विनातक्रार उचलली, फ्रिज चालला, मिक्सर चालला. पावसाचं, ढगांचं त्याला काही सोयरसुतक नाही. पैसेही सोलरपेक्षा पुष्कळ कमी लागतात.

पेट्रोलचं रडगाणं सगळेच गातात, म्हणून थोडक्यात. आमचा लिटरला सव्वा तास चालायचा. रोज तीन तास धरले तर एकवीस दिवसांत पन्नासएक लिटर. जवळच्या पंपालाही पेट्रोल उपसायला वीज लागते, तो पहिले काही दिवस बंदच होता. नंतर आडव्या झाडांतून वाट काढत मोटरसायकलवर कॅन. त्रास झाला, पण निभावलं. तेवढ्यावरून मी जनरेटरला नाव ठेवलं नसतं.

माझं मन फिरलं ते रात्री दोनला. आई तेव्हा शहात्तर वर्षांची, रात्रीतून दोनदा उठते, आणि न्हाणीघर मागच्या पडवीपलीकडे. टॉर्चचे सेल तिसऱ्याच दिवशी संपले होते. एका रात्री तिची चाहूल लागली म्हणून मी उठलो आणि म्हटलं, चालू करू का? ती म्हणाली, "नको रे बाबा, पेट्रोल जाईल." मी ऐकलं नाही. अंधारात चोक चाचपडला, चार वेळा दोरी ओढली, मशीन धडधडलं, वाडीतली सगळी कुत्री उठली. एक बल्ब लागला. आई जाऊन आली, बंद केला. सकाळी सातच्या आत तीन घरांतून माणसं हजर. "रात्री कोण आजारी पडलं?"

त्यानंतर आईने मला उठवणंच सोडलं. उजाडेपर्यंत अंथरुणात बसून राहायची, मला वाटायचं झोपलीय. आठवड्याने कळलं.

म्हणजे बघा, जनरेटर एक तर चालू असतो नाही तर बंद. नऊ वॉटच्या बल्बसाठीही दोन केव्हीएचं धूड जागवावं लागतं. लांबच्या अंधारात मोठी कामं दिवसातून एकदाच असतात, ती उरकता येतात. बाकी गरज अशीच, बारीक आणि अवेळी: न्हाणीघरातला दिवा, कोणाचा तरी फोन, विंचू दिसला की उजेड. जनरेटर दर वेळी विचारतो, एवढ्यासाठी? आणि घरातलं म्हातारं माणूस उत्तर देतं, नको.

दिवाळीनंतर मी बॅटरीवालं सोलर घेतलं. ३३० वॉटची दोन पॅनेल, दोन ट्युब्युलर बॅटऱ्या. त्याचे दोष लपवत नाही. एप्रिलमध्ये दिवसाला दोन युनिट सहज देणारी ही जोडी आषाढातल्या संततधारेत अर्ध्या युनिटवर येते. मोजमाप म्हणजे इन्व्हर्टरवरचा आकडा, त्याहून शास्त्रीय काही नाही. फ्रिज अशा दिवसांत विसरा. खाऱ्या हवेने बॅटरीच्या क्लॅम्पवर हिरवट बुरा चढतो, तो कोमट पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावायचं. डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घालायचं. वानरांनी एकदा एका पॅनेलची केबल ओढून काढली. आणि विहिरीची मोटर या इन्व्हर्टरवर सुरू होत नाही, तिला सुरुवातीचा झटका कित्येक पट लागतो. पाण्यासाठी मी जुना रहाट दुरुस्त करून घेतला, नवी दोरी घातली. गंमत म्हणजे अंधारात सगळ्यात भरवशाचा तोच.

पण एक गोष्ट आम्ही चांगली केली. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतःच वीज खातो, ढगाळ दिवसांत ते परवडत नाही. म्हणून स्वयंपाकघर, पडवी आणि न्हाणीघर इथले तीन दिवे बारा व्होल्टचे घेऊन थेट बॅटरीच्या लाइनवर टाकले, मध्ये फ्यूज घालून. इन्व्हर्टर बंद असला तरी ते लागतात. आई बटण दाबते, दिवा लागतो, कोणाला विचारावं लागत नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते येतंय म्हटल्यावर पॅनेल सोडवली. मी ती छपरावर बसवलेलीच नाहीत, खळ्यात लोखंडी स्टँडवर आहेत. थोडी सावली पडते, पण पत्रे उडतात तेव्हा पॅनेल सोबत जात नाहीत. आठ नट काढले, दोन्ही गोधडीत गुंडाळून पलंगाखाली सरकवली. वादळ ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी परत उभी. लाइट पाच दिवस नव्हती. आम्हाला ते जाणवलं ते फ्रिजमधल्या दुधावरून.

जनरेटर वाईट म्हणत नाही. ज्याच्याकडे कोंबड्यांची शेड आहे, मासळीचा बर्फ सांभाळायचा आहे किंवा घरात कोणी ऑक्सिजन मशीनवर आहे, त्याने माझं ऐकू नये, जनरेटरच घ्यावा, आणि जमलं तर दोन्ही. फक्त महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवा आणि ठेवताना कार्बोरेटर रिकामा करा. आमचा अकरा महिने तसाच पडला होता. तौक्तेच्या दिवशी दोरी ओढून भावाचा खांदा दुखावला, मशीन जागचं हललं नाही. जुन्या पेट्रोलचा चिकटा जेटमध्ये बसला होता. आता जनरेटर भावाकडेच असतो, आणि विहिरीच्या मोटरीला लागेल तेव्हा मी मागून आणतो.

फक्त घर चालवायचं असेल, घरात वयस्क माणूस असेल, तर मी आपलं लहानसं सोलर सुचवेन. एका पॅनेलने, एका बॅटरीने सुरुवात केली तरी चालेल, पण मृगाच्या आधी. आणि स्टँडच्या नटांना बसणारा पाना वेगळा घेऊन दारामागे टांगून ठेवा. आमचा वादळाच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याकडे होता.