‘ट्रायल’ म्हणून नेलेली विषयांची यादी

घराच्या छतावर सौर पॅनेल बसवून देणाऱ्या एका व्यवसायाच्या वतीने मला फ्रीलान्स लेखनाबद्दल विचारणा आली, तेव्हा सगळे अगदी रीतसर वाटत होते. मराठीतून नियमित ब्लॉगलेख हवे आहेत, दर मान्य आहे, फक्त करारापूर्वी ‘ट्रायल’ म्हणून तीन महिन्यांचे विषय कीवर्ड रिसर्चसह (म्हणजे लोक गूगलवर कोणते शब्द टाकून शोधतात याच्या अभ्यासासह) शीटमध्ये मांडून द्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. नमुन्याच्या नावाखाली पूर्ण लेख फुकट लिहून घेणाऱ्यांपासून या क्षेत्रातला प्रत्येक जण सावध असतो. इथे मात्र लेख कोणी मागतच नव्हते. मागितली होती ती नुसती यादी, आणि खरी मेख तिथेच होती.

अशी यादी बसल्या बैठकीला तयार होत नाही. गूगल अ‍ॅड्सच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये, जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या खात्याला शोधांची संख्या ‘१ हजार ते १० हजार’ अशा ढोबळ पट्ट्यांत दिसते. शिवाय तिथला ‘स्पर्धा’ हा रकाना जाहिरातदारांमधली चुरस दाखवतो, लेख गूगलच्या निकालांच्या पहिल्या पानावर आणणे किती अवघड आहे ते नव्हे. गूगल ट्रेंड्समधले ० ते १०० हे आकडेही तुलनात्मक असतात, त्यावरून प्रत्यक्ष किती जण शोधतात हे कळत नाही. मराठीत तर एकच प्रश्न कोणी देवनागरीत टाइप करतो, कोणी रोमन लिपीत, कोणी सरळ हिंदीत. त्यामुळे शोधपेटीत शब्द टाकून खाली येणाऱ्या सूचना पाहणे, पहिल्या पानावर कोण बसले आहे ते तपासणे आणि विचारणाऱ्याला माहिती हवी आहे की खरेदी करायची आहे हे ओळखणे, हे सगळे हातानेच करावे लागते.

‘सौर ऊर्जेचे फायदे’ हा विषय कोणीही सुचवील. गिऱ्हाईक विचारते ते वेगळेच: सोलर बसवल्यावर लाईट बिल किती येते, आणि लाईट गेली तर सोलर चालते का? (बॅटरी नसलेली, वीज कंपनीच्या ग्रिडला जोडलेली साधी यंत्रणा अशा वेळी सुरक्षेसाठी आपोआप बंद पडते, आणि विक्रेते ही गोष्ट सहसा आपणहून सांगत नाहीत.) फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती यंत्रणेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, यावर लेखांचा नुसता पाऊस पडला होता, पण गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक सोयींसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, याबद्दल मराठीत मला फारसे काही सापडले नाही. म्हणून मी ‘गच्ची सगळ्यांची, मग सोलर कोणाच्या नावावर?’ असा विषय शीटमध्ये घातला आणि त्याखाली उपमथळे व कोणत्या लेखाला कोठून दुवा द्यायचा तेही लिहिले.

शीट पोहोचल्यावर ‘वरिष्ठांशी बोलून कळवतो’ असे उत्तर आले आणि पुढे फोन उचलणेही बंद झाले. काही आठवड्यांनी तोच गच्चीचा मथळा, त्याच उपमथळ्यांसह, त्यांच्या संकेतस्थळावर झळकला. दुवेसुद्धा मी सांगितले होते तेथेच होते. आतला मजकूर मात्र कोणाकडून तरी स्वस्तात उरकून घेतलेला दिसत होता. पुढे ओळखीच्या एका लेखकाकडून कळले की त्यालाही हीच ‘ट्रायल’ दिली होती, पण शेतीपंपांच्या विषयांसाठी. म्हणजे कामाचे तुकडे करून ते वेगवेगळ्या लोकांना वाटले गेले होते. लेखक नेमायचा विचार यात कधी होता, असे मला वाटत नाही.

बिल पाठवल्यावर ‘मथळ्यांवर कोणाची मालकी नसते’ असे उत्तर मिळाले, आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरेचसे खरे आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ हा मांडणीला संरक्षण देतो, कल्पनेला नाही. १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले होते. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांना २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याखाली थकलेल्या बिलासाठी दाद मागता येते आणि त्यात बिल चुकते करायला जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आहे, परंतु त्यासाठी आधी काम दिल्याचा पुरावा लागतो. ‘ट्रायल’ हा शब्द नेमका तोच पुरावा निर्माण होऊ देत नाही.

म्हणून कोणी करारापूर्वी यादी मागितली, तर आधी तिची व्याप्ती पाहावी. एखाद-दुसरा विषय मागणारा तुमची समज तपासत असतो. शोधसंख्या, उपमथळे आणि महिनावार वेळापत्रक मागणारा तयार माल उचलत असतो. आता मी नमुना म्हणून क्लायंटच्या क्षेत्रातला एकच विषय पूर्ण उलगडून दाखवते आणि उरलेल्यांचे फक्त गट सांगते. पूर्ण शीट हे स्वतंत्र काम धरते, त्याचा दर वेगळा लावते आणि निम्मे पैसे आगाऊ घेते. ईमेलमध्ये ‘ट्रायल’ऐवजी ‘विषय-संशोधन’ असे लिहून, रक्कम व मुदत नमूद करून, समोरच्याचा होकार लेखी आल्याखेरीज शीट उघडत नाही. पुढचे लेख दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतले, तरी मग माझी त्याला हरकत नसते.