पुसलेला पट्टा परत देणारा स्टुडिओ (रविवार कारंजा, नाशिक)

आमच्या घरात पणजोबांचे एक छायाचित्र ‘निफाडच्या शेतावरचे कापणीचे इंजिन’ म्हणून जपलेले आहे. उंच धुराड्याचे वाफेचे इंजिन, थोड्या अंतरावर लाकडी यंत्र, मागे गव्हाची सुडी आणि चाकापाशी फेटा बांधून उभे असलेले पणजोबा. दोन वर्षांपूर्वी एका दुकानाने याची ‘दुरुस्त’ प्रत करून देताना मधोमध आडवी गेलेली काळी रेघ ओरखडा समजून पुसून टाकली होती. रविवार कारंज्याजवळच्या, जुनी छायाचित्रे दुरुस्त करणाऱ्या या छोट्या स्टुडिओत मूळ तसबीर नेली, तेव्हा तिथल्या वयस्कर कारागिरांनी आधी त्या रेघेवरच बोट ठेवले.

ती रेघ म्हणजे इंजिनाच्या मोठ्या चाकावरून लाकडी यंत्राकडे गेलेला, ते यंत्र फिरवणारा पट्टा होता. १२०० डीपीआयला, म्हणजे अगदी बारीक तपशील दिसेल असे, स्कॅन करून त्यांनी दाखवले, की पट्ट्याला मध्ये पीळ दिलेला आहे, त्यामुळे तो फडफडून निसटत नाही. आणि तो इतका लांब ठेवत, तो धुराड्यातल्या ठिणग्या काडापर्यंत पोचू नयेत म्हणून. म्हणजे एका जागी उभे राहून चालणारे हे काम कापणीचे नव्हे, मळणीचे. आपल्याकडे खळ्यात तिवड्याभोवती, म्हणजे मधल्या खांबाभोवती, बैल फिरवून होई तेच. इंजिनाला स्वतः चालण्यासाठी दातेरी चक्रे नाहीत, ते घोडे जुंपून शेतावर आणत.

पितळी पाटीवर ‘मार्शल, गेन्सबरो’ अशी अक्षरे निघाली. इंग्लंडमधल्या या कारखान्याची इंजिने हिंदुस्थानातही येत, त्यामुळे तेवढ्यावरून निफाड खोटे ठरत नव्हते. उत्तर मिळाले ते चित्राच्या पाठीवर. पुठ्ठ्याला चिकटलेले चित्र त्यांनी अत्यंत हळुवारपणे सोडवले, तर ते पोस्टकार्ड निघाले: मजकूर आणि पत्ता यांच्यामध्ये उभी रेघ, तिकिटाच्या चौकटीत देशांतर्गत टपालाचा अर्ध्या पेनीचा दर. ब्रिटनमध्ये अशी विभागलेली पाठ १९०२ मध्ये सुरू झाली आणि १९१८ मध्ये तो दर एक पेनी झाला. पणजोबा शेतकी शिकायला विलायतेस गेले होते, ते याच काळात; म्हणजे चित्र निफाडचे नव्हे, तिकडचे. आजीला हे सांगितले, तेव्हा ती बराच वेळ चित्र हातात धरून बसली.

तीन आठवडे लागले आणि नऊशे रुपये झाले. मला ते योग्य वाटतात. डाग तसेच ठेवलेली एक प्रत आणि स्वच्छ केलेली दुसरी, अशा दोन्ही मिळाल्या. उणीव एकच, लेखी टिपण जेमतेम तीन ओळींचे आहे, बाकी सारे मी घरी येऊन आठवणीने उतरवले. जाणाऱ्यांनी सविस्तर टिपण आधीच मागून घ्यावे, आणि मोबाईलवरचा फोटो न नेता मूळ चित्र चौकटीसकट न्यावे.