फिश शेल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

शेल म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड संगणकाकडून करून घेणारा प्रोग्राम. आठ महिन्यांपूर्वी मी बॅश नावाचा नेहमीचा शेल सोडून फिश शेलवर आलो. दोनचार अक्षरं टाइप केली की उरलेली कमांड फिकट रंगात समोर येते, उजवा बाण दाबला की ती पूर्ण होते. ऑल्ट धरून तोच बाण दाबला तर एकेक शब्दच घेतला जातो. मी बहुतेक वेळा असंच करतो.

ही सुचवणी मुख्यतः आपल्याच हिस्टरीतून, म्हणजे आधी चालवलेल्या कमांडच्या नोंदीतून येते, पण आंधळेपणाने नाही. बॅकअपसाठी फाइलींची प्रत करणाऱ्या आरसिंक कमांडची माझी लांबलचक ओळ बाहेरची डिस्क जोडलेली असली तरच दिसते. कमांडमधला पाथ (फाइलचा किंवा फोल्डरचा पत्ता) जागेवर नसेल तर फिश ती सुचवत नाही. हे कळल्यापासून माझा तिच्यावर विश्वास बसला.

मग सुट्टीत भाचा आला. माझ्याच लॉगिनवर बसून त्याने ‘टार’ (फाइलींचा गठ्ठा बांधणारी-सोडवणारी कमांड) लिहिलं, पुढचं आपोआप दिसलं, बाण दाबला, फाइल उघडली. “मामा, हे एक्सझेडएफ म्हणजे काय?” काम झालं होतं, कळलं काहीच नव्हतं. माझ्या बोटांची सवय फिशने त्याच्या हातात दिली होती, आणि समोर नवशिका बसलाय हे तिला कळायला काही मार्गच नव्हता.

१९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात रॉबर्ट विलेन्स्की यांच्या गटाने युनिक्स कन्सल्टंट, म्हणजे युनिक्स ही संगणकप्रणाली कशी वापरायची हे सांगणारा प्रोग्राम, बनवला होता. साध्या इंग्रजीत प्रश्न विचारायचा. त्यातला डेव्हिड चिन यांचा ‘नोम’ हा भाग विचारणारा नवखा ते तज्ज्ञ अशा चार पायऱ्यांपैकी कुठे आहे, हे त्याच्या बोलण्यावरून ताडायचा. माहितीच्याही सोप्या ते दुर्मिळ अशा चार पायऱ्या होत्या. नवख्याला उत्तरासोबत उदाहरण मिळे, जाणत्याला नेमकं तेवढंच. एवढ्या जुन्या काळी कुणीतरी माणसाच्या समजेचा विचार केला होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

भाच्याला मी वेगळं लॉगिन करून दिलं आणि टॅब दाबायला शिकवलं. कमांडपुढे डॅश देऊन टॅब दाबला की ऑप्शनची (त्या एक्सझेडएफसारख्या, कमांडला जोडायच्या अक्षरांची) यादी येते, प्रत्येकाशेजारी एका ओळीत अर्थ. मॅन पेज (कमांडसोबत येणारी माहितीपानं) वाचून फिश स्वतःही अशा याद्या तयार करते. नवख्यासाठी हे उत्तम आहे.

बॅशच्या स्क्रिप्ट (फाइलीत लिहून ठेवलेल्या कमांड) मात्र मी बॅशमध्येच चालवतो, कारण फिशमध्ये लूपची (तेच काम पुन्हापुन्हा करवण्याची) मांडणी वेगळी आहे.

फिश मी सोडणार नाही. पण हिस्टरीत कमांड आणि वेळ नोंदली जाते, ती हाताने लिहिली की बाण दाबून घेतली, हे नाही. तेवढी नोंद ठेवली, तर जो ऑप्शन माणसाने स्वतः कधीच टाइप केलेला नाही, त्याचा अर्थ सुचवणीशेजारी दाखवता येईल.