मागच्या खोलीत वायफाय: रिपीटर घ्यायचा की वायर ओढायची?

बेळगावच्या शहापूर-वडगावातली आपली जुनी घरं लांबोडकी. पुढं सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, शेवटी परडं. फायबरवाला सोप्यात राउटर ठोकून जातो आणि मागच्या खोलीत पोरांचा ऑनलाईन क्लास अडकतो. खानापूरकडं भिंती जांभ्या चिऱ्याच्या, तिथं तर आणखी पंचाईत. मग प्रश्न येतो: रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल झेलून पुढं पाठवणारा डबा, की लॅनची (राउटरला जोडायची नेटची) वायर ओढून मागं दुसरा राउटर?

रिपीटर सॉकेटात खोचला की काम झालं. पण एकाच बँडवरचा (लहरींच्या एकाच पट्ट्यावरचा) स्वस्त रिपीटर ज्या लहरींवर ऐकतो त्याच लहरींवर पुढं पाठवतो, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. त्यात आपण तो नेमका रेंज नसते तिथंच लावतो. मीही स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी लावला होता. मोबाईलवर रेंजच्या काड्या भरलेल्या, व्हिडिओ मात्र हलेना, कारण रिपीटरलाच सिग्नल पोचत नव्हता. माजघराच्या उंबऱ्यापाशी आणल्यावर जरा सुधारलं.

शेवटी वायरच ओढली. कॅट ६ जातीची लॅन वायर १०० मीटरपर्यंत चालते, आपलं घर त्यापुढं काहीच नाही. तुळईच्या कडेनं नेऊन मागं जुनाच राउटर जोडला, त्याचा डीएचसीपी (मोबाईलना नेटवर्कातले पत्ते वाटायचं काम) बंद केला, त्याचा स्वतःचा आयपी पत्ता पुढच्या राउटरशी भिडू नये म्हणून बदलला आणि वायर लॅन पोर्टात घातली. आता मागं ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान बँडवर वेग पुरा मिळतो. २.४ गिगाहर्ट्झचा बँड भिंती जास्त पार करतो, पण शेजारपाजारच्या गर्दीत १, ६, ११ यांतला मोकळा चॅनल शोधावा लागतो.

भाड्याच्या घरात भिंतीला भोकं पाडता येत नसतील तर रिपीटरच घ्या. परड्यातल्या सुट्या खोलीसाठीही उघड्यावरून तांब्याची वायर नेऊ नका. वळवाच्या विजा इकडं वाईट, एका कडाक्यात दोन्ही राउटर जातील.

सुरक्षेत मात्र दोन्हींत मेहनत सारखीच. बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस सोय रिपीटर जोडून झाला की बंद करा, तिच्या आठ आकडी पिनमधली खोट २०११ पासून जगजाहीर आहे. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या जुन्या कुलपावर गल्लीतून कुणी मोबाईल-राउटरमधली जोडणीची देवाणघेवाण टिपली, तर घरी बसून लाखो पासवर्ड ताडून बघू शकतो. २०१८ साली आलेला डब्ल्यूपीए३ ही वाट बंद करतो, पण जुने मोबाईल त्याला जोडत नाहीत. तोवर डब्ल्यूपीए२-३ मिश्र ठेवा आणि पासवर्ड निदान पंधरा-सोळा अक्षरी. मोबाईल नंबर किंवा पोराचं नाव नको. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो, तो ‘अॅडमिन’च राहिलेला मी कितीतरी घरांत पाहिलाय. तो आजच बदला.

वरच्या मजल्यावर व्हीटीयूची (इथल्या तंत्रशिक्षण विद्यापीठाची) मुलं भाड्यानं असतील तर त्यांना गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय द्या, पण ते सोप्यातल्या मुख्य राउटरवरूनच. मागच्या जोडराउटरवरचं गेस्ट बऱ्याचदा नावापुरतंच वेगळं असतं, तिथून तुमचा कॅमेरा आणि प्रिंटर दिसत राहतात.