परवान्यावरचा शिक्का खोटा निघाला

कोकणात ज्यांच्या घरी शेतीसंरक्षणाची बंदूक आहे, त्यांनी हे वाचाच.

काकांची एकनळी डुकरं-माकडं हाकायला आहे. परवान्याची मुदत संपत आली तेव्हा कचेरीबाहेर बसणाऱ्या एका एजंटाने पैसे, फोटो आणि मूळ पुस्तक घेतलं. नंतर विचारलं की एकच उत्तर, "पोलीस अहवाल यायचाय, काका." पडताळणी खरोखरच रखडते हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि अशा माणसांचं फावतं ते त्यामुळेच. शेवटी पुस्तक आलं, नूतनीकरणाचा शिक्का आणि सहीसकट.

निवडणुकीच्या आधी बंदूक जमा करायला गेलो तेव्हा ठाण्यातल्या हवालदारांनी युआयएन, म्हणजे परवानाधारकाचा ओळख क्रमांक, टाकून पाहिला. नोंदीत जुनीच मुदत! मग पुस्तक निरखून पाहिलं. आधीच्या प्रत्येक शिक्क्याखाली जावक क्रमांक होता, यात नव्हता. आणि सही ज्या साहेबांच्या नावाची, त्यांची बदली त्या तारखेच्या आधीच झालेली. अर्ज कार्यालयात पोचलाच नव्हता, चलनही भरलेलं नव्हतं.

मुदत संपलेल्या परवान्यावर बंदूक बाळगणं हा शस्त्र अधिनियमाच्या कलम 25 खाली गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान 2 वर्षं कैद आहे. सत्तरीतल्या शेतकऱ्यावर ही वेळ आणणाऱ्याला माफी नाही. आम्ही लगेच एजंटाविरुद्ध लेखी फिर्याद दिली. त्याचे मेसेज आणि फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद जपून ठेवली होती, तीच कामाला आली. उशिराचा अर्ज मात्र फेटाळला गेला. त्यावर कलम 18 खाली विभागीय आयुक्तांकडे अपील केलंय. त्याला 30 दिवसांची मुदत असते, ती चुकवू नका.

अर्ज मुदत संपण्याच्या 60 दिवस आधी, स्वतःच्या नावाच्या चलनासह द्या आणि पोच घ्या. पोलीस अहवाल वेळेत आला नाही तर त्याची वाट न पाहता निर्णय देण्याची मुभा कलम 13 मध्ये आहे. त्याचा हवाला देऊन लेखी स्मरणपत्र द्या, तोंडी विचारणा कुठेच नोंदली जात नाही. तोवर मुदत उलटलीच तर बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. आणि एजंटाच्या हातून नूतनीकरण करून घेतलं असेल, तर शिक्का कितीही खरा वाटो, या आठवड्यातच युआयएनवरची मुदत तपासून घ्या.